बाळाच्या मुठी मोजू नका, दूध मोजा

पत्र असं आहे:

“मी लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे हालचालीत मागे पडलेल्या मुलांना रोजची कामं शिकवते. नागपूरला रामदासपेठेतल्या एका सेंटरमध्ये सहा वर्षं काम करते. आम्ही सगळे मिळून सात जण, मला सेशनमागे पर्सेंटेज मिळतं. डिसेंबरच्या सुरुवातीला मुलगा झाला. ३८ आठवडे पूर्ण, सिझेरियन, लगेच रडला, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागलं नाही. आता तो १४ आठवड्यांचा आहे आणि एप्रिलच्या मध्यापासून मला कामावर जायचंय. पण मला त्याच्याकडे नुसतं आई म्हणून बघताच येत नाही. उजवी मूठ मिटलेली दिसली की छातीत धस्स होतं. मान उजवीकडेच जास्त वळवतो. रडताना हनुवटी आणि पाय थरथरतात. रोज व्हिडिओ काढते आणि रात्री पुन्हापुन्हा बघते. मी गेल्यावर सासूबाई सांभाळणार आहेत, पण काढून ठेवलेलं दूध ‘शिळं’ असतं असं त्यांचं म्हणणं. त्यांचं काजळ, घुटी, उन्हाळ्यात पाणी आणि त्यावर माझं लेक्चर, अशी रोज कुरबुर. त्यात माझे अंगठे! बाळाला उचलताना मनगटात कळ येते, आणि तिकडे १८-१८ किलोची मुलं उचलायची आहेत. नवरा बुटीबोरीला शिफ्टमध्ये असतो. कुठून सुरुवात करू?” – एक आई, मनीषनगर

ताई,

तुमच्या सेंटरला येतात ती गाळून आलेली लेकरं. बालरोगतज्ज्ञाला शंका आली, त्यांनी न्यूरोकडे पाठवलं, तिथून ती तुमच्या मॅटवर पोचली. त्यांच्या आया सांगतात, “तिसऱ्या महिन्यात मूठ उघडतच नव्हती.” खरंच आहे ते. पण तिसऱ्या महिन्यात अशीच मूठ मिटून असलेली आणि पाचव्या महिन्यात त्याच हातानं आजीचं मंगळसूत्र ओढणारी लेकरं तुमच्या दारात कधी आलीच नाहीत. सहा वर्षं चाळणीवर उरलेलंच बघितलं की खाली पडलेल्याचा अंदाज सुटतो. पूर्ण दिवसांच्या, लगेच रडलेल्या, एनआयसीयू न बघितलेल्या बाळात दिसलेलं एखादं सुटं लक्षण बहुतेक वेळा काहीच नसतं. तेच लक्षण २९ आठवड्यांतच जन्मलेल्या बाळात दिसलं तर त्याचं वजन वेगळं. हे तुम्हाला पाठ आहे. फक्त ते घरी लागू होत नाहीये.

तरी तिन्ही गोष्टींची उत्तरं देतो, कारण “काळजी करू नका” एवढ्यानं तुमचं समाधान व्हायचं नाही.

थरथरीचं सोपं आहे. थरथरणारा पाय हलक्या हातानं गुडघ्यात वाकवून धरा. थांबला तर ती थरथर. फिटचा झटका असा धरल्यानं थांबत नाही, आणि त्यात बहुधा नजर, चेहरा किंवा श्वास यातलं काहीतरी सोबत बदलतं. रडण्यापुरती येणारी आणि दूध पिताना नाहीशी होणारी थरथर सोडून द्या.

मूठ झोपेत, भुकेत आणि रडण्यात मिटतेच. पोट भरून शांत पडलेला असताना दोन्ही हात उघडतात का, आणि दोन्ही हात छातीपाशी-तोंडाशी येतात का, एवढंच बघायचं. चार महिने पूर्ण झाल्यावरही एकच मूठ अंगठा आत घेऊन बहुतेक वेळ मिटलेली राहिली, तर दाखवायचं. या वयात एकट्या टोनपेक्षा (स्नायूंच्या ताणापेक्षा) डाव्या-उजव्यातला फरक जास्त बोलतो.

मनावर घ्यायचं ते मानेचं, आणि तेही घाबरून नव्हे. बाळ उजेडाकडे, फिरत्या पंख्याकडे आणि आईच्या बाजूला बघतं. पलंग भिंतीला टेकलेला आणि आई रोज त्याच कुशीला, असं असेल तर तीन महिन्यांत मानेला एका बाजूची सवय लागते. आधी चेहरा समोर धरून हळूहळू दोन्हीकडे न्या आणि नजरेबरोबर मान दोन्ही खांद्यांपर्यंत सारखी जाते का ते बघा. मानेच्या बाजूच्या स्नायूत सुपारीएवढी गाठ लागते का, डोकं मागून उजवीकडे चपटं झालंय का आणि त्या बाजूचा कान पुढे सरकलाय का, हे वरून बघा. मान दोन्हीकडे पूर्ण वळत असेल आणि गाठ नसेल, तर चार आठवडे असं करा: झोपवताना रोज डोक्याची आणि पायाची बाजू आलटून-पालटून ठेवा, म्हणजे उजेड एक दिवस डावीकडून येईल. कडेवर आणि खांद्यावर घ्यायची बाजू बदला. हे सासूबाईंनाही सांगा, कारण उजव्या हाताची माणसं बाळाला बहुतेक वेळा डाव्याच खांद्यावर घेतात. जागेपणी पोटावर ठेवायचं ते तीन-पाच मिनिटं, पण दिवसातून बरेचदा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत दिवसाचं मिळून किमान ३० मिनिटं सांगितली आहेत. सुरुवातीला जमिनीऐवजी तुमच्या छातीवर घेतलंत तरी चालतं. झोपताना मात्र कायम पाठीवर. डोकं गोल यावं म्हणून राईची उशी शिवली असेल तर ती काढून टाका. मऊ उशीनं श्वास अडकायची भीती असते, आणि चपटेपणा जायचा तो बाजू बदलल्यानंच जातो. गाठ लागली, किंवा चार आठवड्यांत काहीच फरक दिसला नाही, तर बालरोगतज्ज्ञांकडे. स्ट्रेचिंग तुम्ही आपणहून सुरू करू नका. रात्री दोन वाजता घाबरलेल्या हातानं केलेलं स्ट्रेचिंग काय असतं, ते तुम्ही पालकांकडून ऐकलेलं आहे.

आता व्हिडिओ. तान्ह्याच्या मेंदूची वाढ ठीक आहे का हे तुमच्या क्षेत्रात त्याच्या बारीक, गोल, चुळबुळत्या हालचालींवरून ताडतात. त्या दिसायचा काळ ९ ते २० आठवडे हा बरोबर, आणि तुम्ही त्या शोधताय हे पत्रावरून कळतं. पण रडणारं, उचकी लागलेलं, पेंगुळलेलं किंवा खेळण्याकडे बघणारं बाळ त्या पद्धतीत मोजतच नाहीत. आणि मोजणारा माणूस बाळाचा कुणी नसावा लागतो. एकच व्हिडिओ काढा: दूध पिऊन जागा, शांत, पाठीवर, अंगावर फक्त लंगोट, तीन ते पाच मिनिटं, कॅमेरा वरून, सोबत बोलायचं नाही. तो त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या सहकाऱ्याला पाठवा आणि उत्तर आलं की फोनमधले बाकीचे पुसून टाका.

तुमच्याच ओळखीतल्या एका बालथेरपिस्टला बाळाची तपासणी सोपवा, चार महिन्यांना आणि आठ महिन्यांना. तारखा आत्ताच ठरवा. मधल्या काळात घरी काही तपासायचं नाही. हात धरून उठवून मान मागे पडते का ते नाही, मोरो (दचकून हात फेकणं) नाही, घोट्याला झटका देऊन बघणं तर नाहीच. मोरो आणि मान वळवल्यावर होणारी तलवारबाजाची पोझ चार-सहा महिन्यांपर्यंत असतेच. नातेवाइकांच्या तुलनाही बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुलं आधाराशिवाय ३.८ ते ९.२ महिन्यांत बसली आणि ८.२ ते १७.६ महिन्यांत चालली. एवढा मोठा पल्ला आहे, आणि काही मुलं रांगलीच नाहीत.

ज्याला थांबायचं नाही ते वेगळं लिहितो. झोपेतून उठता-उठता हात-मान एकदम पुढे झुकण्याचे झटके, एकामागोमाग सहा-आठ-दहा, मध्ये काही सेकंदांचं अंतर, आणि मग रडणं: याला घरात दचकणं किंवा पोटात दुखणं समजतात. तीन ते आठ महिन्यांच्या बाळात असं दिसलं तर एक व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोग-न्यूरोतज्ज्ञ गाठा. तीन महिने उलटूनही चेहऱ्याकडे बघून हसत नाही, नजर फिरवत नाही, पाय कात्रीसारखे ताठ होतात, ताप आहे आणि दूध ओढत नाही, यांतलं काही असेल तरीही थांबू नका.

अजून एक. बाळ झोपलंय आणि तुम्हाला झोप येत नाही, उठून त्याचे हातपाय पुन्हा-पुन्हा बघावेसेच वाटतात, हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर तो तुमच्या व्यवसायाचा दोष नाही. बाळंतपणानंतरची चिंता अशीही येते आणि तिला उपचार आहेत. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना हे याच शब्दांत सांगा. टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी क्रमांक रात्रीही लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता दुधाकडे. खरा हिशोब इथे आहे आणि महिनाभराची तयारी इथेच लागणार आहे.

आईपासून दूर असलेल्या दर तासाला बाळाला साधारण ३० ते ४५ मिली दूध लागतं. एक ते सहा महिन्यांच्या काळात दिवसाचं दूध ७५० मिलीच्या आसपास स्थिर राहतं. वजन वाढलं म्हणून महिन्यागणिक वाढत नाही, त्यामुळे मे महिन्यासाठी वेगळा हिशोब मांडायला नको. तुम्ही दहाला निघून पाचला परत आलात तर सात तास, म्हणजे २१० ते ३१५ मिली. फ्रीजर भरायची गरज नाही. तीन-चार दिवसांचं दूध पुढे असलं की पुरतं, कारण सेंटरला आज काढलेलं उद्या वापरायचं असतं.

काढायला मार्चअखेरीपासून सुरुवात करा. पहाटेचं पाजून झाल्यावर अर्ध्या तासानं, दिवसातून एकदा. पाजल्यानंतर ३० ते ६० मिली आलं तर ते चांगलं आहे. १५ मिली आलं तरी रडू नका, आठवड्यात वाढतं. पंप दुहेरी घ्या, एका वेळी १५-२० मिनिटांत काम होतं. फनेलचं माप बघा. बहुतेक पंपांसोबत २४ मिलिमीटरचं येतं आणि बऱ्याच जणींना ते मोठं पडतं. आत निपल मोकळं हलायला हवं, पण काळी कड सोबत ओढली जायला नको. दुखत असेल किंवा दूध कमी येत असेल तर आधी माप, मग झडप तपासा. ती छोटी मऊ रबरी झडप रोजच्या वापरात महिना-दोन महिन्यांत सैल पडते आणि ओढ कमी होते. बायकांना वाटतं दूध आटलं, आणि आटलेलं असतं झडपेचं आयुष्य. एक जोडी जास्तीची पर्समध्ये ठेवा. शेवटची दोन मिनिटं हातानं काढा, घट्ट दूध तेव्हा येतं.

पुस्तकात लिहिलेलं असतं की २५ अंशांपर्यंतच्या खोलीत दूध चार तास टिकतं. नागपुरात एप्रिलमध्ये २५ अंश कुठल्या खोलीत सापडणार? म्हणून आपल्याकडे नियम एकच: काढलं, झाकलं, लगेच थंड केलं. फ्रिजच्या आतल्या बाजूला, दारात नव्हे, चार दिवस. वेगळा दरवाजा असलेल्या फ्रीजरमध्ये काही महिने चालतं. एकदारी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलेलं पंधरा दिवसांत संपवा. डबीवर तारीख आणि ‘६० मिली’ असं लिहा. मोठे डबे नकोत, कारण बाळानं तोंड लावलेलं दोन तासांत संपलं नाही की टाकावं लागतं, आणि १२० मिली ओतून देताना फार वाईट वाटतं. गोठवायचं असेल तर वर बोटभर जागा सोडा. वीज गेली तर फ्रीजर उघडूच नका. दूध हलवल्यावर आत बर्फाचे कण लागत असतील तर ते ठीक आहे.

सेंटरहून घरी आणायला जाड इन्सुलेटेड पिशवी आणि दोन जेल पॅक घ्या. पॅक रात्रभर गोठवलेले हवेत, सकाळी तासभर ठेवलेले नव्हे. आणि पिशवी गाडीच्या डिकीत ठेवायची नाही. उन्हात उभ्या स्कूटरची डिकी खालून इंजिनानं आणि वरून सिटनं तापते. पिशवी खांद्यावर. उज्ज्वल नगरहून मेट्रोनं काँग्रेस नगरला उतरून पुढे ऑटो केलीत तर मे महिन्यात दुधाचं आणि तुमचंही भलं होईल. नवतप्यात, २५ मेपासूनच्या त्या नऊ दिवसांत, दुपारी दोनला गाडीवर निघायचंच नाही असं वेळापत्रक आत्ताच बांधा.

सासूबाईंचा ‘शिळं’ हा आक्षेप शब्दांनी जाणार नाही. फ्रिजमधल्या दुधावर सायीसारखा थर येतो आणि खाली पातळ निळसर राहतं. बघणाऱ्याला वाटतं नासलं. तो थर म्हणजे स्निग्धांश. डबी हलकेच गोल फिरवली की तो मिसळतो. हे त्यांच्या हातानं एकदा करून घ्या. कोमट करायचं ते वाडग्यात गरम पाणी घेऊन त्यात डबी ठेवून. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये नाही, आणि उकळायचं तर मुळीच नाही. हे दोनदा सांगा, कारण दूध म्हटलं की आपल्याकडे हात आपोआप गॅसकडे जातो. गोठवलेलं आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवायचं, वितळलं की २४ तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही.

द्यायचं वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ बाटली नको म्हणतात ते उगाच नाही. या उकाड्यात निपल नीट धुतलं गेलं नाही की जुलाब ठरलेले. बोंडल्याची नळी मात्र आतून घासायला बारीक ब्रश लागतो. बाळ मांडीवर उभट बसवायचं, चमचा खालच्या ओठावर टेकवायचा आणि त्याला ओढू द्यायचं, घशात ओतायचं नाही. ६० मिलीला १५-२० मिनिटं लागतात. तुम्ही जायच्या दहा दिवस आधीपासून रोज एक वेळ सासूबाईंनी असं पाजावं, आणि तेव्हा तुम्ही घरात नसाव्यात. दाराआडून तुमचा आवाज आला तरी तो चमचा उडवून लावेल. पहिल्या आठवड्यात दिवसा कमी पिऊन रात्रभर भरपाई करणारी बाळं पुष्कळ असतात. दिवसाला सहाच्या वर लघवीचे लंगोट ओले होत असतील तर त्याचं चाललंय ते बरोबर चाललंय. तुमच्या झोपेचं मात्र बिघडेल. म्हणून नवऱ्याला ‘मदत’ करायला सांगू नका, कामं वाटून द्या: पंपाचे भाग रोज धुऊन एकदा पाच मिनिटं उकळून वाळत घालणं आणि जेल पॅक फ्रीजरला लावणं ही त्याची, कुठलीही शिफ्ट असो. पहाटेचा लंगोटही त्याचाच.

सासूबाईंशी तुम्ही बोलता ते पालकांशी बोलल्यासारखं, हे तुमच्याच पत्रात आहे. दिवसाचे सात तास लेकरू त्यांच्या हातात असणार आहे. प्रत्येक गोष्टीला हरकत घेतलीत तर ज्या खरंच टाळायच्या आहेत त्याही ऐकल्या जाणार नाहीत. म्हणून निवडा. सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणी नाही, उन्हाळ्यातही नाही, कारण आईच्या दुधात पाणीच जास्त असतं आणि वरचं पाणी दुधाची जागा अडवतं. फार उकाडा असेल तर जास्त वेळा पाजा. घुटी नाही, आणि वर्षापर्यंत मध तर अजिबात नाही. त्यातल्या जंतूच्या बीजांमुळे तान्ह्यांना बोट्युलिझम होऊ शकतो. डोळ्यांत काजळ नाही, काही काजळांत शिसं असतं. धुरीही नाही. बाकी मालीश करू द्या. हलक्या हातानं, नाका-कानात आणि बेंबीत तेल न घालता. तीट हवी असेल तर कानामागे लावू द्या. तळपायाला नको, पाचव्या महिन्यात तो तळपाय तोंडात असेल. वॉकर कुणी भेट आणला तर तो पडवीत ठेवा. कॅनडानं तो २००४ पासून विकायलाच बंदी केली आहे, हे वाद झालाच तर सांगायला उपयोगी. आणि हे ‘नाही’ तुमच्या तोंडून नको. चौदा आठवड्यांच्या लसींना जाल तेव्हा सासूबाईंना सोबत घ्या आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

लसीच्या तापाचं औषधही तेव्हाच लिहून घ्या, मिलीच्या आकड्यात. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप एकाच चवीचे, पण ताकद वेगळी. थेंबांत बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम, सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५०. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून दिलं की डोस कितीतरी पट होतो. घरात एकच बाटली ठेवा. डी जीवनसत्त्वाचे थेंब रोज ४०० युनिट. बाटलीवर दर मिलीला ४०० आहे की ८०० हे बघून ड्रॉपरवर पेनानं रेघ मारा.

कूलर लेकराच्या अंगावर सरळ सोडू नका. समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा. टाकीचं पाणी आठवड्याला रिकामं करून कडा घासायच्या. डेंगीच्या डासाची अंडी पाण्यात नाही, कडेला चिकटलेली असतात.

तुमचे अंगठे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ, आणि ती बाळाला काखेत अंगठे घालून उचलताना: हे डी क्वेरव्हेनचं दुखणं, म्हणजे अंगठ्याच्या कंडरांची सूज, हे तुम्हाला सांगायला नको. बहुतेक नव्या आयांना ते उचलण्यामुळे होतं. थेरपिस्टला उचलण्यामुळे, दिवसभर अंगठ्यांनी कंबर-खांदे धरून दिलेल्या आधारामुळे, आणि रात्री पाजताना अंगठ्यानं मोबाइल सरकवण्यामुळे. बाळाला यापुढे एक तळवा ढुंगणाखाली, एक मानेखाली, तळवे वर, मनगट सरळ, असं उचला. अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट कामावर जायच्या आधीचे चार आठवडे लावा, रात्रीही. सेंटरमध्ये मुलाला धरताना अंगठा बोटांच्या बाजूला ठेवून अख्ख्या तळव्यानं धरा. सुरुवातीला पकड अपुरी वाटेल. चार आठवड्यांत कमी झालं नाही तर ऑर्थोला दाखवा. दूध पाजताय हे मात्र आधी सांगा.

पोटाचं म्हणाल तर सिझेरियनला साडेचार महिने होतील, पण जमिनीवरून उठताना पोटाच्या मध्यरेषेवर फुगवटा येत असेल तर अजून भार पेलायची ताकद आलेली नाही. उचलताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. पहिले दोन महिने १२ किलोच्या वरचं मूल एकटीनं उचलायचं नाही. सीपी चेअर (सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची आधाराची खुर्ची) ते मॅट हा बदल पालकाकडून करवून घ्या. घरी त्यांनाच करायचा असतो, तेव्हा शिकवणं हीच थेरपी. झोके, गेटर (पाय सरळ ठेवणारे पट्टे) लावून उभं करणं, बोल्स्टरवरची (लोडावरची) मोठी मुलं दुसऱ्याकडे द्या. तुम्ही टेबलावरचं हातकाम, गिळणं-चावणं, बसण्याचा तोल अशी मुलं घ्या. मॅटवर तासन्‌तास मांडी घालण्यापेक्षा बसायला बुटका मोढा (स्टूल) घ्या.

रजेचा कायदा तुमच्या फारसा कामाचा नाही. २०१७ पासून पगारी रजा २६ आठवडे झाली, आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसाला दोन वेळा पाजण्याची सुट्टी त्यात आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही तेच. पण हे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणाला. तुम्ही सात, त्यातही पर्सेंटेजवर. म्हणून सेंटरच्या मालकांशी तोंडी नको, एका पानावर लिहून घ्या: पहिले तीन आठवडे तीन सेशन्स, साडेदहा, अकरा-वीस आणि बारा-दहा, पावणेदोनला घरी. एवढ्याला फार तर एकदा काढावं लागेल. चौथ्या आठवड्यापासून पाच सेशन्स, पावणेएक आणि सव्वातीन हे दोन वेळ दुधाचे, आतून कडी लागणारी खोली. त्या वीस मिनिटांत फोनवर पालक नकोत. संध्याकाळी पाचनंतरचे स्लॉट पावसाळ्यापर्यंत घेऊ नका. शाळेत जाणाऱ्या मुलांचे पालक तेच मागतील, पण तुमचं लेकरूही त्याच वेळी सगळ्यात किरकिरं असतं.

आणखी एक नाजूक बाब. भंडारा, वर्धा, छिंदवाड्याहून येणारी आई एका सेशनसाठी दिवसाची मजुरी सोडून येते. बाळाला ताप आला आणि तुम्ही सकाळी फोन करून रद्द केलंत, तर तोवर ती गाडीत बसलेली असते. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे शहरातली मुलंच ठेवा. बाहेरगावची अशा दिवसांना द्या, जेव्हा दुसरा थेरपिस्ट हजर असेल आणि त्याला त्या मुलाची फाइल माहीत असेल.

घरी आल्यावर आधी हात कोपरापर्यंत साबणानं, मग कुर्ती बदलणं, मग लेकरू. सेंटरमध्ये लाळ, सर्दी आणि हात-पाय-तोंडाचे फोड कायम फिरतात. बांगड्या, घड्याळ, वाढलेली नखं काही महिने नकोत. कुणाला गोवर किंवा कांजिण्या निघाल्याचं कळलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना फोन करा, कारण गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिन्यांना मिळते.

आणि पालक विचारतीलच. “मॅडम, तुमचं बाळ आता बसतं का?” विचारणारीचं तीन वर्षांचं मूल अजून बसत नसेल. “छान आहे, दूध पितोय” एवढं उत्तर पुरे. फोनच्या पडद्यावर बाळाचा फोटो ठेवू नका, आणि टप्पे समजावताना “माझाच बघा ना” असं चुकूनही नको. एक फायदा मात्र या महिन्यांनी तुम्हाला दिलाय: लेकरू हातात असताना दिवसात किती मिनिटं मोकळी मिळतात ते आता कळलंय. आजवर घरी करायला दिलेले बारा-बारा व्यायामांचे कागद काढा आणि तीनवर आणा. एक लंगोट बदलताना, एक अंघोळीत, एक भरवताना.

कामाचा पहिला दिवस सोमवारी धरू नका. १४ एप्रिल होऊन जाऊ द्या, त्या दिवशी दीक्षाभूमीकडच्या रस्त्यांवरून गाडी हलत नाही. त्यानंतरचा गुरुवार धरा. तीन दिवस काम, मग रविवार. काय सांडलं, काय विसरलं, झडप कुठली हरवली, ते रविवारी सापडेल. त्याआधीच्या सोमवारी मात्र एक रंगीत तालीम करा: साडेनऊला पाजून घराबाहेर पडा, काँग्रेस नगरपर्यंत मेट्रोनं जा, पंप करा आणि पावणेदोनला परत या. सेशन एकही घेऊ नका.